मिठाचा भात आणि पौलाचे पत्र

गोव्याच्या इन्क्विझिशनचा विषय निघाला की माझे एक क्रिस्तांव मित्र हमखास म्हणतात, "देवाची आज्ञा चांगलीच होती रे, ती माणसं वाईट होती." हा बचाव मला पटत नाही. वाक्य खोटे आहे म्हणून नव्हे, तर ते अर्धे आहे म्हणून.

रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात संत पौलानेही हाच मुद्दा घेतला आहे. आज्ञा पवित्र, ती माणसाने जगावे म्हणून दिलेली. पण लोभ करू नये हे कळले तेव्हाच आपल्यात लोभ किती भरला आहे, हे त्याला दिसले. जीवन देणारी आज्ञा त्याच्यावरच उलटली. मात्र पौल तिथे 'ती माणसं' म्हणत नाही, 'मी' म्हणतो. सगळा फरक इथेच आहे. आज्ञा हा आरसा आहे, आणि आरशात स्वतःचे तोंड पाहायचे असते.

गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन आले, ते मधली काही वर्षे वगळता १८१२ पर्यंत राहिले. त्याने आरशाची काठी केली. १७३६ च्या हुकूमनाम्यात काय होते? क्रिस्तांवांनी हिंदूंसारखा मीठ न घालता भात शिजवून वरून मीठ घेऊ नये, परसात तुळस ठेवू नये, पुरुषांनी पुडवें नेसू नये! प्रियोळकरांच्या १९६१ च्या ग्रंथात ही यादी वाचताना हसावे की रडावे कळत नाही. कारण पौलाच्या त्याच पत्राच्या चौदाव्या अध्यायात स्पष्ट बजावले आहे, की खाण्यापिण्यावरून भावाचा न्याय करू नका. पत्र पाद्रींच्या हातात होते, तरी भाताच्या हंडीत डोकावून माणसे पकडली गेली. आज्ञेने त्यांचाच पराभव उघडा पाडला.

म्हणून मित्राला माझे सांगणे एवढेच: 'ती माणसं' म्हणून सुटू नका. तुमच्या धर्मग्रंथानेच ती पळवाट बंद केली आहे.

आणि आपण हिंदूंनीही खूश होऊ नये. इन्क्विझिशनचे नाव काढून शेजारच्या आजच्या क्रिस्तांवाला टोमणा मारताना आपणही तोच आरसा दुसऱ्याकडे फिरवतो. ज्यांच्या देवळात कालपरवापर्यंत जात पाहून पायरी ठरत होती, त्यांनी तरी आधी 'मी' म्हणायला शिकावे.