न जिंकता येणारा खेळ

मी तिसरीत असताना कुवेतहून सुट्टीवर आलेल्या मामूंनी एक जुना अटारी २६०० आणला होता. सोबत चार-पाच कॅसेटी. त्यातली एक ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’. सिनेमा घरात कुणीच पाहिला नव्हता. हत्तीएवढी चार पायांची यंत्रं बर्फावरून चालत येतात आणि आपण लहानशा विमानातून त्यांच्यावर गोळ्या झाडायच्या, एवढंच कळलं. मी रोज हरायचो. मामेभाऊ हसायचे. आपल्याला हे जमत नाही, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं.

गेल्या महिन्यात तोच खेळ लॅपटॉपवर पुन्हा खेळलो. या वेळी आधी नियम वाचले आणि पस्तीस वर्षांचा गैरसमज फिटला. हा खेळ कुणालाच जिंकता येत नाही!

एक यंत्र पाडायला ४८ गोळ्या लागतात. मार बसत जातो तसा त्याचा रंग बदलतो. मध्येच अंगावर एक ठिपका चमकतो, तो अचूक टिपला तर एकाच गोळीत काम होतं. आपलं विमान जखमी झालं की दरीत उतरवून दुरुस्त करायचं, पण एका विमानाला ही सवलत दोनदाच. एवढं करून यंत्र पाडावं, तर दुसरं येतं. त्यातलं एक जरी आपल्या वीजकेंद्रापर्यंत पोहोचलं की खेळ संपला.

नंतर १९८० चा तो सिनेमा पाहिला. होथ ग्रहावरच्या त्या लढाईत बंडखोर हरतातच. ते लढतात ते आपली माणसं भरलेली जहाजं निसटेपर्यंत वेळ मिळावा म्हणून. पार्कर ब्रदर्स कंपनीसाठी रेक्स ब्रॅडफर्ड यांनी १९८२ मध्ये हा खेळ बनवला. त्या यंत्राची कामाची स्मृती अवघी १२८ बाइट. त्यात सिनेमातला एकच प्रसंग घेतला, पण त्याचा जीव बरोबर पकडला. त्याच वर्षी अटारीने ‘ई.टी.’वर खेळ काढला. पाचेक आठवड्यांत उरकलेला, आणि हौस मात्र अख्खी गोष्ट सांगायची. न खपलेल्या कॅसेटी पुढच्या वर्षी न्यू मेक्सिकोत जमिनीत पुरल्या. २०१४ मध्ये त्या खणूनही काढल्या. सिनेमावरून खेळ बनवणाऱ्यांनी हे दोन्ही एकापाठोपाठ एक खेळून बघावेत.

पण मला टोचलं ते वेगळंच. बी.एड. झाल्यापासून मी वर्गात सांगत आलोय, ‘बेटा, मेहनत कर, नक्की जिंकशील.’ समोरच्या बाकावर असंही पोर असतं, ज्याचे अब्बा आजारी आहेत आणि जे पहाटे पाव टाकून शाळेत येतं. ते वार्षिक परीक्षेपर्यंत शाळेत टिकलं, हेच पुष्कळ. माझ्या वाक्यात त्याला जागाच नव्हती. पुढे ते नापास झालं, तर माझ्याच हिशेबाने त्याची मेहनत कमी पडली. मामेभाऊ माझ्याबद्दल तेच म्हणायचे.

काल माझी सातवीतली मुलगी खेळत होती. मी मागून म्हणालो, “याला शेवट नाही हं.”

“माहितेय अब्बू,” ती म्हणाली. “थांबा जरा, विमान दरीत उतरवतेय.”