भांडवलाला खुले दार, श्रमिकाला शिक्का

बंगळूरच्या पूर्वेकडील महादेवपुरा भागात १९९० च्या दशकात सिंगापूरच्या भागीदारीने आंतरराष्ट्रीय तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले. आज व्हाइटफिल्डपासून बाह्य वर्तुळ मार्गापर्यंत देशोदेशींच्या कंपन्यांची कार्यालये दाटीने वसली आहेत. हे भांडवल समुद्र ओलांडून आले तेव्हा त्याला कोणत्याही वकिलातीच्या दारात रांग लावावी लागली नाही. उलट जमीन आणि सवलती घेऊन सरकारच त्याच्या स्वागताला उभे राहिले. याच कार्यालयांतून सोलापूर, कोल्हापूर वा बेळगावकडचा जो इंजिनियर कामासाठी अमेरिकेत जातो, त्याचे पाऊल मात्र पासपोर्टवरील एका शिक्क्याला बांधलेले असते. या शिक्क्यामागचे वर्गीय गणित कामगार चळवळीने नीट समजून घेतले पाहिजे.

अमेरिकेच्या कायद्याने दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत: देशात राहण्याचा दर्जा आणि देशाच्या दारात प्रवेश मागण्यासाठी लागणारा व्हिसा. पर्यटक म्हणून गेलेल्या माणसाला तेथील एखाद्या कंपनीने नोकरी देऊ केली, तिने केलेला अर्ज मंजूर झाला, की देश न सोडताही त्याचा दर्जा पर्यटकाचा कामगार असा बदलू शकतो. पण पासपोर्टवरचा शिक्का पर्यटकाचाच राहतो. तो माणूस अमेरिकेत आहे तोवर काही अडत नाही. भावाच्या लग्नाला किंवा आईच्या आजारपणात तो मायदेशी आला, की परतण्यासाठी वकिलातीतून कामाचा नवा व्हिसा मिळवणे सामान्यतः भाग पडते. दर्जा बदलण्याचा अर्ज प्रलंबित असताना तो देशाबाहेर पडला, तर त्याने ती मागणी सोडून दिली असेच धरले जाते. थोडक्यात, त्याला राहण्याची परवानगी मिळते. जाऊन परतण्याची हमी मिळत नाही.

हा प्रसंग विरळा नाही. २०२२-२३ मध्ये अमेरिकी तंत्रज्ञान कंपन्यांनी मोठी कामगारकपात केली, तेव्हा हजारो भारतीयांना त्याचा फटका बसला. एच-१बी व्हिसावरील कामगाराची नोकरी गेली की नवी नोकरी शोधायला त्याला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. मुदत संपण्याआधी अनेकांनी स्वतःला ‘पर्यटक’ करून घेण्याचे अर्ज केले. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने खुलासा केला की पर्यटकाला नोकरी शोधता येईल, मुलाखतही देता येईल, पण कामावर रुजू होण्याआधी दर्जा बदलून घ्यावा लागेल. दहा-दहा वर्षे तेथे कर भरलेला माणूस अशा रीतीने एका रात्रीत पाहुणा ठरतो आणि नव्या मालकाने हात दिला तरच पुन्हा कामगार होतो.

१९ सप्टेंबर २०२५ रोजी ट्रम्प यांनी काढलेल्या फर्मानाने या फासाची गाठ आणखी आवळली. एच-१बीच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ८८ लाख रुपये, आकारण्याचा हा आदेश होता. पहिल्या चोवीस तासांत नियम कोणाला लागू आहे हे कोणालाच कळेना. सुटीवर आलेल्या कामगारांना कंपन्यांनी तातडीने परत बोलावले. महिनाभराने, २० ऑक्टोबरला, खुलासा आला: अमेरिकेत राहूनच ज्याचा दर्जा बदलला, त्याच्यासाठी ही रक्कम नाही, आणि तो नंतर बाहेर जाऊन व्हिसा मागू लागला तरीही नाही. मात्र दर्जा बदलण्यापूर्वीच जो देशाबाहेर पडला, त्याच्या अर्जावर ती आकारली जाईल. वडिलांच्या अंत्यसंस्काराला जाण्याची किंमत एक लाख डॉलर! ही रक्कम कायद्याने मालकाने भरायची. पण एवढी रक्कम भरण्यापेक्षा नोकरीच रद्द करणे मालकाला स्वस्त पडते, हे सांगायला अर्थशास्त्राचा पंडित लागत नाही.

त्यात भर पडली ती वकिलातींची. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील लिखाणाची तपासणी सुरू झाली आणि भारतातील अनेकांच्या डिसेंबरच्या मुलाखती एकदम मार्च २०२६ किंवा त्यापुढे ढकलल्या गेल्या. चार आठवड्यांच्या रजेवर आलेले लोक येथेच अडकले. बंगळूरला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेची वकिलात समारंभाने उघडण्यात आली खरी, पण व्हिसा देण्याची सोय न करताच. महादेवपुऱ्यातील कामगाराला त्यासाठी चेन्नई वा हैदराबादची वाट धरावी लागली.

आता प्रश्न असा की यातून लाभ कोणाचा? जो कामगार नोकरी सोडू शकत नाही, घरी जायला धजत नाही आणि आपले मत लिहायलाही कचरतो, तो पगारवाढ कशी मागणार? व्हिसाचा अर्ज कामगाराचा नसतो, मालकाचा असतो; हीच या व्यवस्थेची किल्ली आहे. नियम मोडल्याचा आरोप झाला तरी मोठे भांडवल पैसे मोजून सुटते. पाहुण्यांसाठीच्या बी-१ व्हिसावर कामासाठी माणसे नेल्याच्या आरोपावरून इन्फोसिसने ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकी सरकारशी ३.४ कोटी डॉलरची तडजोड केली. व्हिसाचा गैरवापर केल्याचे कंपनीने नाकारले आणि तिचा धंदा चालू राहिला. तोच आरोप एकट्या कामगारावर आला असता, तर त्याला देशाची दारे कायमची बंद झाली असती.

आखाताची कथा याहून कठोर आहे. दहावी न झालेल्या कामगाराने अठरा ठराविक देशांत कामाला जाताना १९८३ च्या कायद्यानुसार सरकारी मंजुरी घ्यावी लागते. तिच्याबरोबर दहा लाख रुपयांचा विमाही येतो. हे टाळण्यासाठी दलाल माणसाला पर्यटक व्हिसावर विमानात बसवतात आणि ‘तिकडे गेल्यावर कामाचा करून देऊ’ असे सांगतात. मग सरकारदप्तरी त्याची कामगार म्हणून नोंद नसते आणि अपघात झाला तर घरच्यांच्या हाती काही लागत नाही. रत्नागिरी-रायगडचा गवंडी आणि महादेवपुऱ्याचा इंजिनियर यांच्या पगारात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. परंतु दोघांच्या गळ्यातील दोरीचे टोक मालकाच्याच हाती आहे.

अमेरिकी कामगाराला सांगितले जाते की तुझी भाकरी भारतीयाने पळवली. हे खोटे आहे. त्याची मजुरी खाली ओढली जाते ती शेजारी भारतीय काम करतो म्हणून नव्हे, तर त्या भारतीयाला हक्क नाहीत म्हणून. बांधलेल्या कामगाराची बंधने तोडणे यातच दोघांचेही हित आहे.

महादेवपुऱ्याच्या शेजारी दूरवाणीनगरला आय.टी.आय.चा कारखाना आहे. १९८०-८१ च्या संपात तेथील कामगार बंगळूरच्या इतर सार्वजनिक उद्योगांतील बांधवांबरोबर ७७ दिवस खांद्याला खांदा लावून उभे राहिले होते. ती परंपरा काचेच्या इमारतींत शिरू लागली आहे. २०१७ पासून कर्नाटकातील माहिती तंत्रज्ञान कामगारांची ‘किटू’ ही संघटना काम करीत आहे, आणि २०२४ मध्ये चौदा तासांच्या कामाच्या प्रस्तावाला तिने कडाडून विरोध केला. या संघटनांनी व्हिसाचा प्रश्न ‘परदेशी गेलेल्यांची खाजगी अडचण’ न मानता कामगारांचा प्रश्न म्हणून हाती घेतला पाहिजे. नोकरी बदलण्याचा आणि घरी जाऊन परतण्याचा हक्क मालकाच्या मर्जीवर नसावा, दलालांवर कठोर कारवाई व्हावी, आणि व्यापार करारांच्या वाटाघाटींत भारत सरकारने कंपन्यांच्या नफ्याइतकाच कामगारांच्या या हक्कांसाठी आग्रह धरावा, या मागण्या पुढे आल्या पाहिजेत. स्वतःला कामगार म्हणवून घ्यायला संकोचणाऱ्या इंजिनियरला त्या शिक्क्याने एक गोष्ट शिकवलीच आहे: मालकाच्या दप्तरी तोही कामगारच आहे. उरते ते एवढेच की हे त्याने स्वतः ओळखावे आणि संघटनेत यावे.