आधी टेबल, मग वेल्डिंग

इन्व्हर्टरवर चालणारी छोटी वेल्डिंग मशीन गेल्या काही वर्षांत इतकी हलकी आणि स्वस्त झाली, की ती आता फॅब्रिकेशनच्या दुकानापुरती राहिलेली नाही. निवृत्त अभियंते, आयटीआयची किंवा डिप्लोमाची मुले, शेतावर अवजारे दुरुस्त करणारे शेतकरी, गच्चीवरच्या बागेसाठी स्टँड बनवणारे हौशी लोक, अशा अनेकांच्या घरी ती दिसू लागली आहे. हे चांगलेच आहे. हाताने काही घडवण्याचा आनंद मोठा असतो आणि साठीनंतर तर तो औषधासारखा उपयोगी पडतो. पण मशीन आणि रॉडचे पुडके आणले, की बहुतेकजण अंगणात किंवा पार्किंगमध्ये फरशीवर उकिडवे बसून कामाला लागतात. टेबल ही नंतर कधीतरी करायची गोष्ट मानली जाते.

माझे म्हणणे याच्या उलट आहे. हौशी वेल्डरने मशीनच्या आधी टेबलाचा विचार करावा, कारण ते टेबल सोयीपेक्षा प्रकृतीसाठी अधिक लागते. काम जमिनीवर असले, की माणूस त्यावर वाकतो आणि त्याचे नाक बरोबर धुराच्या खांबात येते. वेल्डिंगचा धूर तापलेला असल्याने सरळ वर चढतो. काच चांगली असली, हातमोजे असले, तरी वाकलेल्या माणसाच्या छातीत तो धूर जातोच. शिवाय कंबर, गुडघे आणि मान यांचे हाल वेगळे.

हा धूर म्हणजे वितळलेल्या धातूची वाफ थंड होऊन झालेले अतिसूक्ष्म कण. बहुतेक कण एका मायक्रॉनहून लहान, म्हणजे फुफ्फुसाच्या शेवटच्या कप्प्यापर्यंत पोहोचणारे. साध्या लोखंडाच्या कामात त्यात लोहाबरोबर मँगनीज असते. वर्षानुवर्षे अधिक प्रमाणात शरीरात गेलेले मँगनीज मेंदूवर परिणाम करते आणि कंपवातासारखी लक्षणे दिसू शकतात. आपल्याकडच्या १९४८च्या कारखाने कायद्यातील नोंद करण्याजोग्या आजारांच्या यादीतही मँगनीजच्या विषबाधेचा समावेश होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. महिन्यातून दोन रविवार काम करणाऱ्याचा धोका रोज आठ तास काम करणाऱ्याएवढा नसतो, हे उघड आहे. म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण ‘मी तर हौशी आहे, मला काय होणार’ असे म्हणून नाक धुरात घालण्याचेही कारण नाही.

आता टेबल कसे असावे ते पाहू.

पहिला प्रश्न उंचीचा. सरळ उभे राहून हात कोपरात काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर मोजा. टेबलाचा पृष्ठभाग त्याहून ५ ते १० सेंटिमीटर खाली असावा. मध्यम उंचीच्या माणसासाठी ही उंची साधारण ९० ते ९५ सेंटिमीटर येते. स्वयंपाकघराचा ओटा यापेक्षा थोडा बुटका असतो, त्यामुळे ‘ओट्याएवढे टेबल’ असे माप देऊ नका. बसून काम करणार असाल तर स्टुलावर बसून पुन्हा कोपराचे माप घ्या. अशा उंचीवर काम आले, की डोके धुराच्या बाजूला ठेवून पाहता येते. सगळ्या खर्चात हा फायदा सर्वांत स्वस्त आहे.

दुसरा प्रश्न आकाराचा आणि जाडीचा. घरगुती कामाला ४ फूट बाय २ फूट पुरते. ६ मिलिमीटर जाडीची लोखंडी प्लेट घेतली तर तिचे वजन सुमारे ३५ किलो होते, १० मिलिमीटरची घेतली तर ५८ किलोच्या आसपास. लोखंड वजनावर विकले जाते, त्यामुळे जाडी वाढली की खर्चही त्याच प्रमाणात वाढतो. ३ मिलिमीटरचा पत्रा स्वस्त पडतो, पण उष्णतेने तो वाकतो आणि मग त्यावर काहीच काटकोनात बसत नाही. छंदासाठी ६ मिलिमीटर ही योग्य तडजोड आहे. प्लेटखाली मध्ये एक-दोन आडव्या अँगलचा आधार द्यावा. भंगारच्या दुकानात कापून उरलेल्या प्लेटा मिळतात. घेताना त्यावर सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरपी धरून पाहा, खालून उजेड दिसला तर प्लेट वाकलेली आहे.

आणखी एक पर्याय आहे आणि माझ्या मते तो अधिक चांगला. अखंड प्लेटऐवजी जाड लोखंडी पट्ट्या शेजारी शेजारी फट ठेवून बसवायच्या. ७५ मिलिमीटर रुंदीच्या ७ पट्ट्या आणि मध्ये १२ मिलिमीटरची फट, एवढ्यात २ फुटांची रुंदी जवळजवळ भरते. फटीतून क्लॅम्प कुठेही लावता येतो. गरम स्लॅग खाली पडतो. खाली कोरड्या वाळूचा ट्रे ठेवला, की पायावर निखारे पडण्याचा प्रश्न मिटतो.

तिसरा प्रश्न धातूचा, आणि इथे डॉक्टर म्हणून मी आग्रही आहे. टेबलाच्या पायांसाठी अनेकजण घरात पडलेले जुने पाण्याचे पाइप वापरतात. हे जीआय पाइप म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड. जस्त सुमारे ९०७ अंश सेल्सियसला उकळते आणि लोखंड वितळायला सुमारे १५०० अंश लागतात. म्हणजे लोखंड वितळण्याच्या कितीतरी आधी जस्ताची वाफ होऊन पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला, की काही तासांनी, बहुधा संध्याकाळी किंवा रात्री, थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते, तोंडाला धातूची चव येते, खोकला येतो. हा धातूच्या धुराचा ताप साधारण एक-दोन दिवसांत आपोआप उतरतो. पावसाळ्यात असा रुग्ण आला, की मलेरिया-डेंग्यूच्या तपासण्या सुरू होतात, कारण दुपारी आपण काय केले हे तो सांगत नाही. डॉक्टरांनीही ते विचारायला हवे आणि रुग्णानेही सांगायला हवे. कॅडमियमचा मुलामा असलेल्या जुन्या सुट्या भागांवर काम केल्यावर सुरुवातीची लक्षणे अशीच असतात, पण पुढे फुफ्फुसांना सूज येऊन जिवावर बेतू शकते. म्हणून वेल्डिंगनंतर ताप आला आणि सोबत दम लागू लागला, तर घरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

तेव्हा टेबलासाठी साधे काळे लोखंडच घ्यावे. रंगवलेला तुकडा असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंचा दोन-तीन इंच रंग आधी काढून टाकावा. तेल-ग्रीस पुसण्यासाठी ट्रायक्लोरोइथिलीनसारखे क्लोरिनयुक्त द्रावक वापरू नये. त्याच्या वाफेवर वेल्डिंगच्या प्रकाशाचा आणि उष्णतेचा परिणाम होऊन फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. लाकडी टेबलावर पत्रा ठोकून काम करू नये, पत्र्याखाली लाकूड धुमसत राहते. कडप्प्यावर किंवा काँक्रीटवर थेट ज्योत नको, तापून त्याचे तुकडे उडतात. आणि पेट्रोलचा किंवा तेलाचा ‘रिकामा’ पिंप आधाराला घेऊ नये, त्यावर वेल्डिंग तर कधीच करू नये. आत उरलेली वाफ बॉम्बसारखी फुटते.

सांगाड्यासाठी ५० मिलिमीटरचा, ५ मिलिमीटर जाडीचा अँगल पुरेसा होतो. चारही पायांच्या तळाशी नट जोडून त्यात बोल्ट फिरवला, की उतरत्या अंगणातही टेबल समतल करता येते. चाके लावायचीच असतील तर ती काम करताना जमिनीवर टेकणार नाहीत अशी लावा. ज्याचा हात अजून बसलेला नाही, त्याने सांगाडा गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यावा. स्वतःच्या पहिल्यावहिल्या जोडावर ७०-८० किलो लोखंड तोलून धरण्याची घाई कशाला? आणि हे टेबल एकट्याने उचलू नये. मणक्याची चकती सरकायला एकच झटका पुरतो.

आता जागा. बाजूने वारा येईल असे टेबल मांडा. वारा पाठीमागून आला तर शरीरापुढे भोवरा होऊन धूर चेहऱ्याकडेच फिरतो. हवा नसेल तर जमिनीवर ठेवायचा पंखा बाजूला, कमी वेगावर लावावा. डोक्यावरचा पंखा धूर खाली ढकलून सगळ्या खोलीत पसरवतो. बंद गॅरेज, जिना, फ्लॅटची बाल्कनी या वेल्डिंगच्या जागा नव्हेत. ठिणग्या दहा मीटरपर्यंतही जातात, त्यामुळे स्कूटर, गॅसचा सिलिंडर, थिनर, रद्दी, प्लॅस्टिकची ताडपत्री त्या टप्प्यात नको. वाळूची बादली हाताशी असावी आणि काम संपल्यावर किमान तासभर जागेवर लक्ष ठेवावे. आग पुष्कळदा काम संपवून माणूस जेवायला गेल्यावर लागते.

मशीनला १६ अँपिअरचा, चांगल्या अर्थिंगचा स्वतंत्र पॉइंट हवा. अर्थ क्लॅम्प कामाच्या तुकड्याला किंवा टेबलाच्या रंग नसलेल्या, स्वच्छ भागाला घट्ट लावा. घरातले गळतीरोधक स्विच वेल्डिंगच्या बाजूच्या धक्क्यापासून वाचवीलच असे नाही. म्हणून ओल्या फरशीवर, घामाने भिजलेल्या हातमोज्यांनी, अनवाणी काम करू नये. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय मशीनला हात लावू नये.

डोळ्यांबद्दल थोडे. वेल्डिंगच्या अतिनील किरणांनी बुबुळाचा पृष्ठभाग भाजतो आणि सहा ते बारा तासांनी डोळ्यात वाळू गेल्यासारखे खुपू लागते, पाणी वाहते, उजेड सहन होत नाही. हे कुतूहलाने शेजारी उभ्या राहिलेल्या मुलालाही होते. टेबलाच्या दोन बाजूंना पत्र्याचा आडोसा करा आणि मागची भिंत चकचकीत ऑइल पेंटची नसू द्या, ती किरण परतवते. घरगुती रॉड वेल्डिंगला साधारण १० नंबरची काळी काच लागते, गॉगल पुरत नाही. डोळे दुखू लागले तर बटाट्याचे काप, दूध, गुलाबपाणी यांच्या नादी लागू नका आणि दुकानातून बधिर करणारे किंवा स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. ग्राइंडर चालवताना काळी काच बाजूला ठेवली, तरी पारदर्शक चष्मा डोळ्यांवर हवाच. उडालेला लोखंडाचा कण सुईने किंवा रुमालाच्या टोकाने कोणाकडूनही काढून घेऊ नका.

नाकावर रुमाल बांधल्याने धूर अडत नाही. आयएस ९४७३ हे मानक असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क घ्या. दाढी वाढवलेली असेल तर तो नीट बसत नाही. टेरिकॉटचे कपडे वितळून कातडीला चिकटतात, म्हणून पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट, पायघोळ पँट आणि चामडी बूट घाला. तापलेले लोखंड थंड लोखंडासारखेच दिसते, तेव्हा टेबलावर खडूने ‘गरम’ लिहिण्याची सवय लावा. भाजलेच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरा. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका.

ही सगळी यादी पाळणे हौशी माणसाला शक्य आहे, कारण काम कधी, कुठे आणि कसे करायचे हे तो स्वतः ठरवतो. आपल्या गेटची, खिडकीच्या ग्रिलची, शेडची वेल्डिंग करणाऱ्या पोराला ती मुभा नसते. तो आपल्याच दारात उकिडवा बसून, तोंडाला फडके बांधून दिवसभर तो धूर ओढतो, कारण टेबल आणि मास्क यांचा खर्च कोणी धरलेलाच नसतो. ब्रिटनमध्ये वेल्डरांना न्यूमोनिया टाळण्यासाठी न्यूमोकोकसची लस देण्याचा विचार करावा, असे मार्गदर्शन आहे. आपल्याकडे रस्त्यावरच्या वेल्डरची साधी छातीची तपासणीही त्याला दम लागेपर्यंत होत नाही.

स्वतःसाठी टेबल बांधणाऱ्याला या गोष्टी एकदा कळल्या, की पुढच्या वेळी काम देताना त्याने दोन प्रश्न विचारावेत: हे काम दुकानात टेबलावर होऊ शकेल का, आणि मुलाला काच-मास्क दिला आहे का? बिलात थोडी भर पडेल. ती द्यावी. एका माणसाच्या फुफ्फुसांच्या मानाने ती रक्कम फार नाही.