कानाचा निकाल आणि दिव्याची नोंद

मुंबईच्या रस्त्यांवरून 30 ऑक्टोबर 2023 पासून प्रीमियर पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी उठली, त्या वेळी वर्तमानपत्रांतून स्मृतिलेखांचा जो पाऊस पडला, त्यात तिच्या टपावरील कॅरिअरचे, मागच्या ऐसपैस सीटचे आणि हाताने खाली पाडाव्या लागणाऱ्या मीटरचे गुणगान यथेच्छ झाले. परंतु ज्यांच्या कानावर त्या गाड्या इतकी वर्षे चालल्या, त्या मिस्त्रींचे स्मरण कोणा लेखकाने केल्याचे माझ्या वाचनात आले नाही. कान हा शब्द मी येथे आलंकारिक अर्थाने योजलेला नाही. इंजिन चालू ठेवून डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे बऱ्याच गॅरेजांत ज्याला अद्याप डेल्को म्हणतात त्या डबड्याचा, बोल्ट सैल करावयाचा, ते डबडे मुठीत धरून किंचित पुढे, किंचित मागे फिरवावयाचे, आणि आवाज जेथे मोकळा होईल तेथे बोल्ट आवळून हात पुसावयाचे, एवढाच त्यांचा विधी असे; आणि एवढ्या विधीवर गाडी खंडाळ्याचा घाट चढून जाई.

माझ्या पदरी एक पद्मिनी आहे, आणि या गोष्टीचा विचार मला तिच्यामुळे करावा लागला. इंजिनात दट्ट्या वर येत असताना ठिणगी नेमकी केव्हा पडावी, हा टायमिंगचा सारा प्रश्न आहे. पेट्रोलच्या वाफेला पेटून पूर्ण फुलावयास काही अवधी लागतो. म्हणून समेवर अचूक येण्यासाठी गायकाला जशी तान आधीच्या मात्रेपासून उचलावी लागते, तशी ठिणगीही दट्ट्या माथ्यावर पोहोचण्याच्या काही अंश अगोदर पडावी लागते. ती फार लवकर पडली तर चढावर इंजिनातून डब्यात खडे हलवावेत तसा खडखडाट येतो आणि दट्ट्याचे आयुष्य घटते. उशिरा पडली तर गाडी ओढत नाही, पेट्रोल पिते आणि घाटात रेडिएटर उकळतो. यातील मेख अशी की पहिल्या दोषाची फिर्याद इंजिन निदान आवाज करून मांडते. दुसरा दोष मात्र मुकाट्याने खिसा कापीत राहतो, आणि सावधपणे टायमिंग मागे ठेवणाऱ्या मिस्त्रीच्या हातून बहुधा तोच घडतो.

हे किती अंश म्हणजे किती वेळ, याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर सेकंदाला 50 फेरे, म्हणजे 18,000 अंश झाले. अर्थात एक अंश म्हणजे सेकंदाचा अठरा हजारावा भाग. मानवी डोळ्याला हे दिसणे शक्य नाही. टायमिंग लाइट नावाचे पिस्तुलाच्या आकाराचे जे उपकरण मिळते, ते हा व्यवहार एका युक्तीने डोळ्यांपुढे मांडते. त्याचा चिमटा पहिल्या सिलिंडरच्या प्लगवायरीवर बसवावयाचा. त्या वायरीतून करंट गेला की दिवा त्याच क्षणी लखकन पेटून विझतो. आणि तो प्रकाश फिरत्या पुलीवर टाकला की पुलीवरील खूण प्रत्येक वेळी एकाच जागी उजळत असल्यामुळे ती तेथे स्थिर उभी असल्यासारखी दिसते. अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी 1930 च्या दशकात क्षणदीप्तीच्या ज्या तंत्राचा पाठपुरावा करून उडती गोळी आणि दुधाच्या थेंबाचा मुकुट छायाचित्रात पकडला, त्याच तंत्राचे हे गॅरेजमधले भावंड होय.

प्रथम निवडीविषयी, कारण दुकानात माणूस फसतो तो तेथेच. जुने दिवे निऑनचे असत. प्लग आणि वायर यांच्या मध्ये ते जोडावे लागत, आणि त्यांचा तांबूस मिणमिणता उजेड दिसावा म्हणून तिन्हीसांजेची वाट पाहावी लागे. असा दिवा चोरबाजारात किंवा पुण्याच्या नाना पेठेत कवडीमोलाने हाती लागला तर शोभेसाठी जरूर घ्यावा. कामासाठी झेनॉनचा अथवा चांगल्या एलईडीचा, वायर न सोडता नुसता चिमटा बसविता येणारा आणि बॅटरीवर चालणारा साधा दिवा घ्यावा. त्याच्या वायरी लांब असाव्यात, कारण आखूड वायर नेमकी सायलेन्सरच्या तापलेल्या नळीवर टेकते आणि वितळते. ज्यांच्या पाठीवर अंशांची तबकडी किंवा आकडे दाखविणारी खिडकी असते असे महागडे दिवेही मिळतात. गाडीच्या पुलीवर शून्याखेरीज दुसरी खूणच नसेल तर त्यांचा उपयोग आहे, हे मान्य. परंतु त्या तबकडीवर माझा विश्वास बेताचाच, कारण ती जे सांगते ते तिच्या आतील मंडल अंदाजून सांगते, आणि साधा दिवा जे दाखवितो ते पुलीवर प्रत्यक्ष असते. तबकडीवाचून अडत नाही, हे सिद्ध करावयास एक दोरा पुरतो. पुलीभोवती दोरा गुंडाळून घेर मोजावा. तो समजा 432 मिलिमीटर भरला, तर त्याचा छत्तिसावा भाग, म्हणजे 12 मिलिमीटर, हे दहा अंश झाले. शून्याच्या खुणेपासून, पुली ज्या दिशेने फिरते त्या दिशेने तेवढे अंतर मोजून पांढऱ्या रंगाचा एक बारीक ठिपका दिला की आपली तबकडी तयार. ॲम्बेसेडर आणि मॉरिस मायनर या गाड्यांच्या मालकांना हाही खटाटोप नको. त्या घराण्यातील इंजिनांच्या टायमिंग कव्हरवर शून्य, पाच आणि दहा अंशांचे दात जन्मतःच असतात, फक्त जुन्या इंजिनांत ते खाली असल्यामुळे मान वाकडी करून पाहावे लागतात.

जुन्या परदेशी गाड्यांच्या धन्यांसाठी आणखी दोन गोष्टी. बॅटरी सहा व्होल्टची असेल तर दिव्यासाठी बारा व्होल्टची दुसरी बॅटरी शेजारी ठेवावी. आणि ज्या ब्रिटिश गाडीत धन अग्र बॉडीला जोडलेले असते, तिच्यात दिव्याचा लाल चिमटा सवयीने कुठे न लावता बॅटरीच्या धन अग्रालाच लावावा.

आता वापर. पहिल्या दिवशी मी जो गोंधळ घातला तो सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. रविवारची सकाळ होती, पुलीवरील मळ रॉकेलने पुसून खूण खडूने पांढरी केली होती, आणि दिवा लखलखत असताही खूण कुठेच दिसेना. अर्धा तास मी त्या निरपराध दिव्याला दूषणे दिली. अखेर शेजारच्या गॅरेजातील वृद्ध मिस्त्री चहाचा पेला हातात घेऊन आले, एकवार वाकून पाहिले आणि म्हणाले, "साहेब, चिमटा दोन नंबरवर आहे." चार सिलिंडरांच्या या इंजिनात ठिणगीचा क्रम 1-3-4-2 असा असतो; दुसरी किंवा तिसरी वायर धरली तर खूण पुलीच्या पलीकडच्या अंगाला जाऊन लपते. गंमत अशी की मी चुकून चौथी धरली असती तर खूण बिनचूक जागी दिसली असती, कारण पहिला आणि चौथा दट्ट्या एकाच वेळी माथ्यावर येतात. चूक करून बरोबर उत्तर मिळविण्याची ती संधी माझी थोडक्यात हुकली.

त्या दिवशी त्यांनी शिकविलेला क्रम मी अद्याप मोडलेला नाही. टायमिंगला हात लावण्यापूर्वी डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट साफ करून त्यांचे अंतर फीलर गेजने नीट बसवावयाचे, कारण पॉइंटचे अंतर बदलले की टायमिंग आपोआप सरकते आणि उलट क्रमाने काम करणारा दिवसभर स्वतःच्याच शेपटीमागे धावतो. मग इंजिन चांगले गरम होऊ द्यावयाचे. डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्युमची नळी असेल तर ती काढून तिचे तोंड बंद करावयाचे. आयडलिंग खाली आणावयाचे, अन्यथा डिस्ट्रिब्युटरच्या पोटातील वजने आधीच फाकून ठिणगी पुढे ओढतात आणि आपण भलताच आकडा वाचतो. डबडे फिरविताना हात हलका हवा. डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरत असल्यामुळे त्याचा एक अंश म्हणजे पुलीवर दोन होतात. शेवटी, आणि हे बहुतेक लोक गाळतात, ॲक्सिलरेटर वाढवून खूण सावकाश पुढे सरकते की नाही, आणि सोडल्यावर मूळ जागी परत येते की नाही, ते पाहावयाचे. माझ्या गाडीत ती झटक्याने पुढे जाऊन तेथेच अडकली. आतील एक स्प्रिंग तुटली होती, आणि त्यापूर्वीच्या दोन वर्षांत ज्या ज्या ठिकाणी गाडी दाखविली त्या त्या ठिकाणी कार्ब्युरेटरला दोष देण्यात आला होता.

एक इशारा येथेच देतो. ज्या मायेने खूण स्थिर भासते, त्याच मायेने पंख्याची पातीही संथ किंवा थांबलेली भासू शकतात. सदऱ्याची बाही वर सारल्याशिवाय आणि गळ्यातील पंचा काढून ठेवल्याशिवाय या दिव्यापाशी वाकू नये.

येथवर तांत्रिक बाजू झाली. माझा वाद आहे तो पुस्तकातील आकड्याला वेदवाक्य मानणाऱ्यांशी, आणि तितकाच कानापुढे दिव्याची गरज नाही असे म्हणणाऱ्यांशीही. पुस्तकात जे अंश छापलेले आहेत ते त्या काळच्या, कमी ऑक्टेनच्या आणि शिसेमिश्रित पेट्रोलसाठी छापलेले आहेत. शिसे 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर बंद झाले. आणि आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल येते, ज्याचा ऑक्टेन आकडा निदान 95 असावा असे मानक सांगते. वाढीव ऑक्टेनचे इंधन खडखडाटाला सहजी बळी पडत नाही, म्हणून पुस्तकाहून थोडे पुढचे टायमिंग त्याला सोसते. उलट इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होऊन गाडी मंदावते, ही दुसरी बाजू कार्ब्युरेटरच्या जेटने सांभाळावी लागते. पुस्तकबरहुकूम खूण जुळवून समाधान मानणारा मालक अशा रीतीने अस्तित्वात नसलेल्या पेट्रोलसाठी आपली गाडी सिद्ध करतो.

पुस्तकाहून किती पुढे जावयाचे, हा निर्णय कान देतो, यात संशय नाही. त्या वृद्ध मिस्त्रींनी माझ्या गाडीचे टायमिंग दिव्याकडे न पाहता लावले. नंतर मी दिवा धरला तेव्हा ते पुस्तकातील आकड्याहून चार अंश पुढे भरले. घाटात नेऊन पाहिले. खडखड नाही, चौथ्या गिअरमध्ये ओढ पूर्वीपेक्षा स्पष्ट. परंतु ते चार अंश मी दिव्याने मोजले नसते, तर पुढच्या वर्षी पॉइंट बदलल्यावर ती जागा पुन्हा कशी सापडली असती? कान हे कसब आहे, आणि त्या कसबाचे दप्तर कोणी ठेवलेले नाही. मिस्त्री गावी गेला की ते त्याच्याबरोबर जाते. दिवा हा कानाचा प्रतिस्पर्धी नव्हे, तो त्याचा कारकून आहे, आणि कारकुनाला न्यायाधीश करणे जितके अनिष्ट तितकेच त्याला कचेरीबाहेर घालविणेही.

सरकारी यंत्रणेकडून या बाबतीत अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. केंद्र शासनाने 2021 मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणास पाच हजार, आणि क्रमांकात व्हीए ही अक्षरे. नियम चांगलेच आहेत. पद्मिनी हे नाव 1974 चे, म्हणजे तिच्या पहिल्या पिढीने ही वयोमर्यादा नुकतीच ओलांडली आहे. पण त्या दस्तऐवजात गाडीच्या वयाची आणि अस्सलपणाची नोंद होते, प्रकृतीची नव्हे. आणि पीयूसीच्या तपासणीत आयडलिंगला धूर मोजला जातो, त्यात टायमिंग आठ अंश मागे असलेली गाडीही दाखला घेऊन ऐटीत बाहेर पडू शकते.

म्हणून ज्यांच्या वाड्यात, बंगल्याच्या पोर्चमध्ये किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली अशी एखादी गाडी उभी आहे, त्यांना माझी विनंती आहे. एक साधा टायमिंग लाइट विकत घ्या, आणि तुमच्या भागात कानाने टायमिंग लावणारा जो वृद्ध मिस्त्री अजून आहे त्याला सन्मानाने घरी बोलवा. त्याला त्याच्या पद्धतीने काम करू द्या, मध्ये बोलू नका; त्याने बोल्ट आवळला की दिवा धरा, अंश वाचा, आणि तो आकडा, पॉइंटचे अंतर, पेट्रोलची जात आणि तारीख यांसह बॉनेटच्या आतल्या बाजूस रंगाने लिहून ठेवा. खाली त्या मिस्त्रीचे नावही लिहा.