टॉवरच बंद पडला तर?

2023 मध्ये सगळ्यांचे मोबाईल एकदम किंचाळले होते, आठवतंय? सरकारी चाचणी होती. नंबर नको, इंटरनेट नको. टॉवरच्या टप्प्यातल्या फोनवर थेट इशारा. चांगलंच आहे. पण आम्ही चिपळूणकर विचारणारच, टॉवरच बंद पडला तर? 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी घरात शिरली, तेव्हा वीज गेली, रेंजही गेली. माझ्या हातात फोन नाही, नुसती टॉर्च उरली होती.

म्हणून मोबाईल असू द्या, पण पूररेषेतल्या प्रत्येक वस्तीत बॅटरीवरचा भोंगाही हवा. दरवर्षी मे महिन्यात तो वाजवून दाखवा. आणि नुसतं 'जिल्ह्यात मुसळधार' नको. पाणी किती चढतंय, कुठे जायचं, ते सांगा. मंडळी, पुढच्या वेळी मत मागायला येतील त्यांना हेच विचारा.