फॉर्च्युनर घेऊ की एक्सयूव्ही, मामू?

दिवाळीला दहा-बारा दिवस होते तेव्हा तेल्हाऱ्याहून भाच्याचा फोन आला. कापसाचे भाव झाले, आपाच्या गुडघ्यांची चौकशी झाली, मग तो मुद्द्यावर आला. "मामू, फॉर्च्युनर घेऊ की एक्सयूव्ही? तुम्ही सांगाल ती घेतो." मी सांगेन ती तो घेणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. तरी विचारलं याचं बरं वाटलं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा कर उतरला. आधी २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्के सेस असे ५० टक्के जायचे, आता सरळ ४० टक्के. तेव्हापासून आमच्या भागात निम्म्या पोरांच्या मोबाइलमध्ये गाड्यांचे व्हिडिओ चालू आहेत. भाच्याने तर पाच गाड्यांचा तक्ताच करून पाठवला. चाळीसेक ओळी. इंजिनाची ताकद, स्क्रीन किती इंचाची, स्पीकर किती, सनरूफ केवढं. तक्ता मेहनतीने केला होता, पण त्यात तेल्हारा कुठेच नव्हतं. तोच तक्ता पुण्याच्या किंवा गुरुग्रामच्या माणसालाही चालला असता.

आधी गाड्यांबद्दल बोलू. या किमतीतल्या गाड्यांची दोन घराणी आहेत. फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन, ग्लॉस्टर या गाड्या पोलादी शिडीसारख्या चौकटीवर उभ्या असतात आणि धड त्या चौकटीवर वेगळं बसवलेलं असतं. एक्सयूव्ही७००, सफारी, हॅरियर, मेरिडियन, कोडियाक यांचं धड आणि चौकट एकच असते. चौकटवाली गाडी मार खाते, ओझं ओढते, खड्ड्यात आपटली तरी कुरकुरत नाही, वर्षानुवर्षं टिकते. पण ती उंच आणि जड असते, वळणावर झुलते आणि मागच्या रांगेतल्या माणसाला उसळ्या देते. एकसंध धडाची गाडी रस्त्याला धरून चालते, आत आरामात बसता येतं, डिझेलही कमी पिते. मात्र तिला रोज पांदणीने शेतात नेलं तर ती लवकर थकते. यूट्यूबवाले हे अर्ध्या मिनिटात उरकतात आणि स्क्रीनवर दहा मिनिटं बोलतात.

आता आपले रस्ते. जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला या महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण पाच दिवसांच्या आत करून जागतिक विक्रम झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अकोला-अकोट रस्त्यावरचा गांधीग्रामचा पूर्णेवरचा इंग्रजांच्या काळातला पूल तडे गेले म्हणून वाहतुकीला बंद झाला आणि तिकडच्या लोकांना लांबचे फेरे पडले. एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षी. वऱ्हाडात गाडी घेणाऱ्याने हे दोन्ही रस्ते डोळ्यांसमोर ठेवावेत. समृद्धी महामार्गावर ताशी १२० ची मुभा आहे, आणि घरापुढच्या काळ्या मातीत पावसाळ्यात बैलसुद्धा विचार करून पाय टाकतो.

म्हणून भाच्याला पहिला प्रश्न विचारला, वर्षात किती वेळा चिखलात गाडी घालतोस? तो हसला. शेतात तो मोटारसायकलने जातो, आणि पाऊस झाला की तीही बांधावर लावून पायी. मग ४x४ साठी वरचे पैसे कशाला? गंमत अशी की आपल्याकडे ज्या मोठ्या गाड्या दिसतात त्यातल्या बऱ्याच नुसत्या दोन चाकांवर ओढणाऱ्या असतात. सफारी आणि हॅरियर डिझेलमध्ये पुढच्या चाकांवरच येतात. आपली काळी माती टायरच्या खाचा भरून टाकते आणि मग टायर गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरतं. तिथे गाडी पस्तीस लाखांची आहे का पाच लाखांची, मातीला फरक पडत नाही. शेवटी ट्रॅक्टरच बोलवावा लागतो.

दुसरा प्रश्न, गाडीत बसणार कोण? यावर तो थोडा थांबला. त्याच्या घरात बायको, दोन लहान मुलं आणि माझी आपा, म्हणजे त्याची अम्मी. आपाला महिन्यातून एकदा तरी अकोल्याला डॉक्टरकडे न्यावं लागतं. गेल्या वर्षी एका लग्नाला आम्ही चौकटवाल्या एका उंच गाडीतून गेलो होतो, नाव घेत नाही. आपाने पायरीवर एक पाय ठेवला, हँडल धरलं आणि तशीच उभी राहिली. दुसरा पाय वर येईना. मागून सुनेने आधार दिला तेव्हा कुठे बसली. आत बसल्यावर म्हणाली, "इसमें चढ़ने को तो स्टूल रखना पड़ेगा." सगळे हसले, तीही हसली. पण परतीच्या वेळी ती हट्टाने दुसऱ्या नातेवाइकाच्या छोट्या गाडीत बसली. तक्त्याच्या चाळीस ओळींत पायरीची उंची नव्हती. ज्या घरात म्हातारं माणूस आहे तिथे ती पहिली ओळ हवी. शोरूममध्ये चक्कर मारायला जाताना मित्रांना नेऊ नका, अम्मीला न्या.

मुलांसाठी सुरक्षेचे तारे पाहा, पण पूर्ण पाहा. एक्सयूव्ही७०० ला ग्लोबल एनकॅपने मोठ्यांसाठी ५ तारे दिले, मुलांसाठी ४. स्कॉर्पिओ-एनला मोठ्यांसाठी ५ आणि मुलांसाठी ३. सफारी आणि हॅरियर यांची चाचणी भारत एनकॅपमध्ये २०२३ च्या डिसेंबरमध्ये झाली, त्यांना दोन्हीकडे ५. जाहिरातीत फक्त मोठ्यांचे तारे चमकतात. आणि एवढे तारे घेऊन लग्नाच्या वरातीत पोरांना सनरूफमधून बाहेर उभं करायचं असेल तर ते तारे कंपनीला परत केलेले बरे. सनरूफबद्दल माझं मत असंही वाईट आहे. अकोल्याचा मे महिना ज्याने पाहिलाय, ४५ अंशांच्या वर गेलेला, त्याने डोक्यावर काचेचं छप्पर हौसेने विकत घ्यावं हे मला कळलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मी त्याला सविस्तर सांगितली, कारण ती विकणारा सांगत नाही. एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळायला ती चांगली तापावी लागते, म्हणजे गाडी मोकळ्या रस्त्यावर बरीचशी सलग पळावी लागते. माझे एक डॉक्टर मित्र आहेत. त्यांची डिझेल एसयूव्ही घर ते दवाखाना, दवाखाना ते मशीद, एवढीच फिरायची. दिवसाला चार किलोमीटर. वर्षभरात पिवळा दिवा लागला, त्यांनी दुर्लक्ष केलं, मग गाडीने ताकदच सोडली. वर्कशॉपमध्ये बिल पाहून त्यांचंच बीपी वाढलं. तेव्हा ज्याची गाडी गावातच फिरणार आहे त्याने पेट्रोल किंवा हायब्रिड पाहावी, ज्याला आठवड्यातून दोनदा अकोला-अमरावती आहे त्याने डिझेल. भाचा कापसाचा व्यापारी, त्याचं फिरणं खूप. त्याला डिझेल चालेल.

वर्कशॉपवरून आठवलं. तेल्हाऱ्यात पंक्चर निघेल, ऑइल बदलेल, पण या गाड्यांचं मोठं काम निघालं की अकोला, आणि काही कंपन्यांसाठी त्याच्याही पुढे. अठरा इंची टायर फुटलं तर ते रात्री कुठे मिळणार याचा विचार आधी करावा. इथे टोयोटाचं पारडं जड आहे हे मान्य करायला हवं. ही गाडी २००९ पासून इथे आहे, मिस्त्रींच्या हाताखालून गेलेली आहे आणि जुनी झाली तरी चांगल्या भावाला जाते. उलट फोर्डची एंडेव्हर पाहा. चालवायला ती फॉर्च्युनरहून सरस म्हणणारे अजूनही भेटतात. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये कंपनीने भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि मालक जुन्या गाडीचा भाव विचारत फिरू लागले. गाडी चांगली असणं पुरत नाही, तिच्यामागे कंपनीही उभी असावी लागते.

विजेच्या गाड्यांचं मी त्याला फार काही सांगितलं नाही. घरी चार्जिंग होतं, रोजचा खर्च कमी, हे खरं. पण आपल्याकडची वीज आणि त्याचं अवेळी निघणं पाहता आणखी दोन वर्षं थांब म्हटलं.

एवढं सगळं ऐकून तो म्हणाला, "मामू, सगळं बरोबर आहे. पण फॉर्च्युनरची गोष्ट वेगळी आहे." आणि मग त्याने जे सांगितलं ते कुठल्याच तक्त्यात येत नाही. मोटारसायकलवर टोपी घालून जाताना नाकाबंदीत त्याला थांबवतात, कागद मागतात, डिक्की उघडायला लावतात. त्याच्या एका मित्राच्या पांढऱ्या फॉर्च्युनरमध्ये तो पुढे बसला होता, तेव्हा त्याच नाक्यावर शिपायाने हात कपाळाला लावला. "टोपी तीच होती, मामू." मी यावर लगेच काही बोलू शकलो नाही. हा निव्वळ दिखावा म्हणून झटकून टाकणं सोपं आहे, आणि इसराफवर प्रवचन देणारे आपल्यात कमी नाहीत. पण ज्या पोराला रोज आपली ओळख सिद्ध करावी लागते, त्याला ती गाडी कवच वाटली तर मी त्याला हसणार नाही. फक्त एवढं म्हणालो, कवचाची किंमत काढू.

डिझेल फॉर्च्युनर शोरूमच्या भावात साधारण ३६ लाख धरू. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या डिझेल गाडीला रस्ता कर १५ टक्के, म्हणजे ५ लाख ४० हजार. विमा वगैरे धरून गाडी घरी येईपर्यंत ४३ लाखांच्या आसपास. आता हे कापसात मोजू. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता. म्हणजे एक गाडी म्हणजे ५३० क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकराला पाच क्विंटल झाला तर शंभर एकरांचं सगळं पीक, खर्च न काढता. भाच्याने हा हिशेब पहिल्यांदाच ऐकला. कापूस तोच विकतो, पण असा नाही.

"पण मी कर्ज काढत नाहीये," तो म्हणाला. "रोखीने घेतोय. सूद नाही." त्याच्या आवाजात समाधान होतं, आणि ते खोटं नव्हतं. बँकेचा हप्ता टाळणं आजकाल सोपं नाही. मी विचारलं, रोख कुठली? ते मला माहीत होतं, तरी विचारलं. दोन वर्षांपूर्वी त्याचे अब्बा गेले. उन्हाळ्यात रस्त्याकडेची जमीन विकली, ६० लाख आले.

त्या ६० लाखांत कोण कोण आहे? दादा-दादी आधीच गेलेले. कुराणातला हिशेब सरळ आहे, त्याला मौलाना लागत नाही. आपाचा आठवा हिस्सा, साडेसात लाख. उरले साडेबावन्न. त्यात मुलाचे दोन भाग आणि दोन मुलींचा एकेक. भाच्याचे २६ लाख २५ हजार, प्रत्येक बहिणीचे १३ लाख साडेबारा हजार. एक बहीण अकोटला दिलेली, दुसरी मलकापूरला. दोघींनी विक्रीच्या आधीच हक्कसोड करून दिलं होतं. "त्यांनीच म्हटलं, आम्हाला काही नको, भाईजान."

बहिणी असं म्हणतातच. माहेरचं दार उघडं राहावं म्हणून त्या सही करतात, आणि आपण त्या सहीला राजीखुशी म्हणतो. शेजारच्या पाटलांच्या वाड्यातही हेच चालतं, तिथे कायदा वेगळा आहे एवढंच. फरक असा की आपण सुदाच्या बाबतीत एवढे काटेकोर असतो आणि वाट्याच्या बाबतीत नसतो. बँकेला व्याज न देता घेतलेली गाडी बहिणीच्या पैशांवर चालत असेल, तर ती हलाल कमाईची आहे असं मला म्हणता येणार नाही. मलकापूरच्या मुलीचा नवरा भाड्याचा ऑटो चालवतो, हे भाच्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मी त्याला फॉर्च्युनर घेऊ नको म्हटलं नाही. मी म्हटलं, तुझ्या तक्त्यात एक ओळ वाढव, 'माझे किती'. त्या ओळीत २६ लाख २५ हजार लिही आणि मग परत गाड्या पाहा. शोरूमच्या १९ लाखांत बसणारी डिझेल एक्सयूव्ही७०० किंवा सफारी घेतलीस, तर २० लाखांच्या आत असल्याने रस्ता कर १४ टक्के, विम्यासकट साडेबावीसच्या घरात येते. अम्मीला चढता येतं का तेवढं पाहून घे. आणि वरचे उरलेले पावणेचार लाख या हंगामात तुझ्या धंद्याला लागतीलच.

फोनवर बराच वेळ नुसता ट्रॅक्टरचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "अम्मीला विचारतो." मी म्हटलं, अम्मीला नको विचारू, ती तुझ्याच बाजूने बोलेल. बहिणींना विचार, आणि फोनवर नको, जाऊन विचार.

या गोष्टीला तीन आठवडे झाले. गाडी अजून आलेली नाही. काल आपाचा फोन होता. म्हणाली, पोरगा मोटारसायकलवर मलकापूरला जाऊन आला, आल्यापासून गप्प आहे, आणि रविवारी मला अकोल्याला गाडी पाहायला चल म्हणतोय. तुम्ही काय सांगितलंत त्याला?