रक्त आमचं, कागद कुणाचा?

1958 साली 'लॅन्सेट' या लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकात एक छोटासा लेख आला. नागपूरच्या डॉक्टरांनी लिहिलेला. मध्य भारतातल्या लोकांच्या रक्तात सिकलसेलचा गुण सापडतो, असं त्यात होतं. ही माणसं कोण? आदिवासी पाड्यांवरची आणि आपल्या बौद्ध वस्त्यांतली. तेव्हापासून आमच्या रक्तावर कागदांची रास लागली. बोटाला सुई, नळीत रक्त, नळीवर नंबर. नंबरांचा तक्ता झाला, तक्त्याचा पेपर झाला, पेपरवर कुणाची पदवी झाली. मित्रांनो, ज्याचं रक्त घेतलं त्याच्या झोपडीत त्यातलं काय परत आलं?

तो कागद आहे कुठे, हे आधी सांगतो. कुठल्या तिजोरीत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने 1997 साली 'पबमेड' नावाची शोधयादी जगाला फुकट खुली केली. आज तिच्यात साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. तुझ्या खिशातल्या मोबाईलवर उघडते. जातीचा दाखला मागत नाही, शिफारसपत्र मागत नाही.

मी तिच्यात सिकलसेल घालून बसलो, तेव्हा काय सापडलं ते ऐका. 1986 : अमेरिकेत सिकलसेलच्या तान्ह्या पोरांना रोज दोन वेळा तोंडाने पेनिसिलीन दिलं. जिवावर बेतणारा जंतुसंसर्ग 84 टक्क्यांनी घटला. फरक इतका उघड होता की चाचणी ठरल्या वेळेआधी थांबवावी लागली. 1995 : हायड्रॉक्सियुरिया या गोळीने मोठ्या माणसांचे वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले. 2012 : नागपूरच्या सरकारी मेडिकलमधल्या डॉक्टरांनी तीच गोळी कमी डोसात, किलोमागे रोज 10 मिलिग्रॅम, आपल्याच मुलांना देऊन पाहिली. झटके कमी, रक्त चढवणं कमी, भरती होणं कमी.

म्हणजे उत्तर आमच्याच गावात, आमच्याच पोरांच्या रक्तातून निघालं होतं. आणि त्याच विदर्भात माझा मावसभाऊ चार वर्षं एका दवाखान्यात सलाईन आणि दुखण्याच्या इंजेक्शनवर काढत होता. 'या आजारात असंच असतं,' हे उत्तर. मावशीला वाटायचं, असंच असेल. मी कागद छापून नेला. डॉक्टर म्हणाले, 'डॉक्टर तू की मी?' मी म्हणालो, 'साहेब, तुम्हीच. म्हणून तर विचारतोय.' त्यांनी कागद उलटा करून ठेवला. मग दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या बाईंनी कागद वाचला, रक्तपेशी मोजल्या आणि गोळी सुरू केली. माणूस तोच, आजार तोच. फरक वाचण्याचा.

पहिल्या डॉक्टरला शिव्या घालून मी मोकळा होणार नाही. त्याच्या दारात रोज जत्रा भरते. पण रांग लांब आहे म्हणून ज्ञान शिळं चालेल, हा न्याय गरिबाच्याच रांगेला का? पैसेवाल्याच्या डॉक्टरला नवा पेपर माहीत असतो, आणि आमच्या वाट्याला 'असंच असतं'! जुन्या काळी कानात शिसं ओतायची धमकी होती. आता ओतावं लागत नाही. कागद इंग्रजीत ठेवला की काम भागतं.

म्हणून शोधायला शिका. आधी प्रश्न नीट बांधा : आजारी कोण, उपाय कोणता, कशाशी तुलना, फरक कशात पाहायचा. मग त्यातले नेमके इंग्रजी शब्द टाका, मध्ये 'अँड' घाला. एका पेपरवर उड्या मारू नका. एक पेपर म्हणजे एक साक्षीदार. सगळ्या साक्षी तपासून केलेले पद्धतशीर आढावे शोधा. 1972 साली आर्ची कॉक्रेन या ब्रिटिश डॉक्टराने विचारलं होतं : तुमचे उपचार खरंच उपयोगी पडतात, याचा पुरावा कुठाय? त्याच्या नावाने 1993 साली उभी राहिलेली कॉक्रेन संस्था असे आढावे करते.

आणि अर्धवट शोध जीव घेतो, हेही ध्यानात ठेवा. 2001 साली अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्याच्या संशोधनासाठी एका 24 वर्षांच्या धडधाकट तरुणीला हेक्सामेथोनियम हे औषध हुंगायला दिलं. ती मेली. हे औषध फुफ्फुसाला घातक ठरू शकतं, असा इशारा 1950च्या दशकातल्या पेपरांत होता. पण संगणकावरची यादी तेव्हा 1966च्या मागे जात नव्हती, आणि जुनी पुस्तकं कुणी चाळली नाहीत. एवढं मोठं विद्यापीठ! तेव्हा मोबाईलवर दोन ओळी वाचून घरच्या घरी गोळ्या चालू करू नका. हायड्रॉक्सियुरियावर रक्तपेशी वरचेवर मोजाव्याच लागतात. कागद हातात घ्यायचा तो डॉक्टरला जाब विचारायला. त्याची खुर्ची बळकावायला नाही.

आता सरकारकडे वळतो. यादी फुकट आहे, पण पूर्ण पेपर उघडायला गेलं की बऱ्याचदा डॉलर मागतात. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' 1 जानेवारी 2025 पासून सुरू झालं. तीन वर्षांना 6,000 कोटी रुपये, सुमारे 13,000 नियतकालिकं. सरकारी उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी. चांगलंय. पण 'नेशन'मध्ये कोण कोण येतं? सिकलसेलच्या पोराला घरी जाऊन बघणारी आशाताई त्यात नाही. विहीर सरकारी पैशाने खणली, आणि तहानलेला पुन्हा कठड्याबाहेर!

सरकारी कॉलेजात शिकणाऱ्या दोस्तांनो, ही किल्ली आज तुमच्याकडे आहे. तिचा उपयोग फक्त मार्कांसाठी करू नका. पेपर वाचा, समजून घ्या, आणि वस्तीत येऊन मराठीत सांगा : काय सिद्ध झालंय, काय झालं नाही, डॉक्टरला कोणता प्रश्न विचारायचा. आणि मागणी लावून धरा : प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हा पुरावा मराठीतून पोचलाच पाहिजे, सिकलसेलच्या बाळाला पेनिसिलीन आणि गरज असेल त्याला हायड्रॉक्सियुरिया मिळालीच पाहिजे.

रक्त आम्ही देऊन चुकलोय. आता कागद द्या!

जय भीम.